रदबदलीचा हक्क

जामखेड तालुक्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते बहुधा दोन कारणांनी. 1795 साली खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांनी निजामाच्या फौजेस नमविले, हे एक. आणि 1725 साली चौंडी या लहानशा खेड्यात माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्याबाईंचा जन्म झाला, हे दुसरे. त्यांच्याच नावाने आमचा अहमदनगर जिल्हा 2024 सालापासून अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. ही दोन्ही स्थळे मुलांस दाखविली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु चौंडीच्या या लेकीविषयी मुलांस जे सांगितले जाते त्यात देवळांची व घाटांचीच गणना फार होते. महेश्वरी बसून त्या रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत, ही गोष्ट आम्हांस त्या घाटांहून थोर वाटते. गाऱ्हाणे ऐकणारा जसा लागतो, तसाच ते पोहोचविणाराही लागतो. शाळेच्या चिमुकल्या राज्यात हे पोहोचविण्याचे काम ज्याच्याकडे असावयाचे, त्या विद्यार्थिप्रतिनिधीची पूर्वपीठिका या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावी असे आम्ही योजिले आहे. ज्युबिलीच्या पुस्तकांतून इमारतींचा व देणग्यांचा वृत्तान्त येतो, धर्मगुरूंची नामावळी येते. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या मुलाचा इतिहास मात्र सहसा येत नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी याच बाकांवर बसून अक्षरे गिरविली आहेत, तेव्हा त्यांस हा विषय परका वाटणार नाही.

येथे आम्ही बोलत आहोत ते पाचवी ते आठवीच्या वर्गांविषयी, म्हणजे दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींविषयी. आमच्या आजोबांच्या काळी मराठी सातवी, अर्थात व्हर्नाक्युलर फायनल, ही या वयाची सीमा होती; ती ओलांडली की मुलगा मास्तर होऊ शके. आज सीमा पुढे गेली आहे, पण वयाचा स्वभाव तोच राहिला आहे. या वयातील मूल घरी अर्धे कामकरी झालेले असते. पाणी भरावे, धाकट्यास सांभाळावे, गुरे वळावीत आणि मग दप्तर घेऊन शाळेत यावे. पहिलीचे मूल रडून आपले दुःख सांगते. बारावीचा मुलगा भांडून सांगतो. मधल्या शाळेतील मूल गप्प बसते. म्हणूनच त्याच्या वतीने बोलणारा कोणी असणे या चार वर्षांत फार अगत्याचे असते.

आमच्या शाळांतून एक पदाधिकारी पूर्वापार चालत आला आहे. त्यास कोणी मॉनिटर म्हणतात, कोणी वर्गनायक. मास्तर वर्गाबाहेर गेले की याने खडू हाती घ्यावा आणि बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर मांडावी. जो फार बोलेल त्याच्या नावापुढे फुली पडते. जो मित्र असेल त्याचे नाव कधी कधी फळ्यावर चढतच नाही. हा अधिकारी सोयीचा आहे यात शंका नाही. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने काय करावे? परंतु तो शिक्षकाचा माणूस होय, मुलांचा नव्हे. ज्यास आम्ही प्रतिनिधी म्हणतो त्याचा रस्ता उलट्या दिशेचा आहे. तो मुलांचे म्हणणे शिक्षकांपर्यंत नेतो. या दोन पदांची गल्लत फार जुनी आहे, आणि ती कशी झाली हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे.

पंतोजींच्या शाळेत थोरल्या मुलांनी धाकट्यांस शिकवावे ही आपल्या देशातील जुनी चाल. धूळपाटीवर बोटाने अक्षर काढावयाचे, मोठ्याने म्हणावयाचे, चुकले की शेजारच्या मुलाने सुधारावयाचे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा रोम शहराचा एक कॅथलिक प्रवासी 1623 साली गोव्याहून पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या नायकाकडे चालला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीवर त्याने चार मुले वाळूत आकडे लिहून सुरात पाढे म्हणताना पाहिली. जवळ गुरू नव्हता. चुकल्यास तुम्हांस सुधारतो कोण, असे त्याने विचारले असता, चौघेही एकाच वेळी विसरतील हे घडणारच नाही, अशा अर्थाचे उत्तर मुलांनी दिल्याचे त्याने लिहून ठेविले आहे. या उत्तरातील धिटाई आम्हांस फार आवडते. येथे कोणी कोणाचा नायक नव्हता. चौघेही एकमेकांचे पंतोजी होते.

पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर मद्रास येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनी हीच वाळूतील अक्षरे एका देशी शाळेत पाहिली. त्यांच्या शाळेतील एका शिक्षकाने ही नवी पद्धत चालविण्याची टाळाटाळ केली, तेव्हा बेलसाहेबांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या सुमारे आठ वर्षांच्या मुलाकडे तो वर्ग सोपविला आणि वर्ग उत्तम चालला. या प्रयोगाचा वृत्तान्त त्यांनी 1797 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर याने लंडनच्या बरो रोड भागात गरीब मुलांची शाळा काढली आणि मॉनिटरची पद्धत इतकी वाढविली की एका मास्तराच्या हाताखाली हजार मुले शिकू शकतील असे तो सांगू लागला. आपल्या देशातील ओसरीवरचे शिक्षण असे विलायतेस जाऊन आले, पण येताना पुष्कळ बदलून आले. लँकेस्टरच्या शाळेत प्रत्येक कामास एक मॉनिटर असे, आणि शिक्षाही तशाच असत. मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवावा, त्यास टोपलीत घालून छतास टांगावे, असले प्रकार त्याने स्वतःच्या पुस्तकात वर्णिले आहेत. ओसरीवरील चार मुलांचा परस्परविश्वास गेला आणि पहारा तेवढा उरला. मुंबई इलाख्यात 1820 नंतरच्या दशकात जी शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली, तिनेही लँकेस्टरी पद्धतीचा अंगीकार केला व त्या पद्धतीत तयार झालेले मास्तर जिल्ह्यांकडे धाडले. फळ्यावर नावे लिहिणारा आमचा मॉनिटर हा त्याच वंशातील होय.

मात्र या पदाची दुसरीही एक वंशावळ आहे. ती अधिक जुनी असून आमच्या कॅथलिक वाचकांस तिच्याशी जवळीक वाटावी अशी आहे. येशूसंघाने आपल्या शाळांसाठी 1599 साली अभ्यासक्रमाची एक नियमावली कायम केली; तिला लॅटिन भाषेत रात्सिओ स्तुदिओरुम म्हणतात. या नियमावलीत दर दहा मुलांमागे एक दशनायक सांगितला आहे. त्याने इतरांचे पाठांतर ऐकावे, लेखनाच्या वह्या गोळा कराव्या, कोणी काय केले नाही ते गुरूस कळवावे. इथपर्यंत हा सारा मॉनिटरचाच कारभार. परंतु त्याच नियमावलीत प्रत्येक वर्गासाठी एक मुख्य नायकही सांगितला आहे, आणि त्याच्या कामांत सुव्यवस्थेवर लक्ष ठेवणे हे जसे आहे, तसाच त्यास एक हक्कही दिला आहे. गुरूच्या संमतीने त्याने आपल्या सोबत्यांस झालेल्या हलक्या शिक्षांची माफी मागावी, म्हणजे सोबत्यांत त्याचा मान राहील, असे तेथे म्हटले आहे.

नियम एका ओळीचा आहे, पण आमच्या मते तो साऱ्या विषयाचे बीज आहे. ज्यास चाड्या सांगण्याचे काम दिले त्यालाच रदबदली करण्याचा हक्कही दिला. नियम करणाऱ्यांस मुलांचा स्वभाव पक्का ठाऊक असला पाहिजे. जो केवळ वरिष्ठांकडे नावे पोहोचवितो त्याचा वर्गात द्वेष होतो. जो शब्द टाकून एखाद्याची शिक्षा उतरवू शकतो त्याचे ऐकले जाते. त्याच संघाच्या रोम येथील महाविद्यालयात 1563 साली जाँ लुनी या बेल्जियन गुरूने विद्यार्थ्यांचा मारियासंघ स्थापिला. पुढे जगभर पसरलेल्या या संघांतून मुले आपला प्रमुख व त्याचे साहाय्यक स्वतः निवडीत. तुरीन येथे संत जॉन बॉस्को यांच्या वसतिगृहात 1856 साली दोमिनिक साव्हिओ या चौदा वर्षांच्या मुलाने सोबत्यांचा जो संघ काढला, त्यातील मुले नव्याने आलेल्या व एकाकी पडलेल्या मुलांस आपल्याजवळ घेत. हा संघ गुरूंनी नेमलेला नव्हता. एका विद्यार्थ्याच्या मनातून तो निघाला होता.

आमच्या जिल्ह्यात ही परंपरा आणली ती जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी. याच संघाने पुण्यास 1867 साली सेंट व्हिन्सेंट्स शाळा व मुंबईस 1869 साली सेंट झेवियर्स महाविद्यालय काढले होते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत त्यांचे धर्मगुरू राहुरीकडील केंदळ-वळणच्या खेड्यांत उतरले. शहरातील शाळांत दगडी वर्ग होते; खेड्यांत एक खोली, एक मास्तर आणि चार इयत्ता. अशा खोलीत थोरल्या मुलाविना शाळा चालणे शक्य नसते. पहिल्या महायुद्धात सरकारने जर्मन धर्मगुरूंस अटकेत ठेविले व मायदेशी धाडले. तेव्हा खेड्यापाड्यांतील या शाळांचा भार मुख्यत्वे मराठी मास्तरांच्या खांद्यावर आला. जे मास्तर स्वतः अशाच एका खोलीत शिकून, धाकट्यांस शिकवून मोठे झाले होते, त्यांनीच तो पेलला. मधल्या शाळेतील जबाबदारी ही शोभेची वस्तू नव्हती, याचे याहून वेगळे प्रमाण आम्ही शोधीत नाही.

परंतु रदबदलीचे जे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले, ते कोणत्याही नियमावलीतून आले नाही. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातील सुमारे चौदा वर्षांची मुलगी. तीन वर्षे शाळा शिकल्यावर तिने मांग व महार लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो 'ज्ञानोदय' पत्राने 1855 च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत दोन भागांत छापला. हे पत्र आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंचे, अमेरिकन मिशनचे. 1842 साली ते निघाले आमच्याच अहमदनगर शहरातून. त्या काळी त्यांचे व आमचे सूर फारसे जुळत नसत, तरी या छपाईबद्दल त्यांचे ऋण मान्य करणे आम्हांस भागच आहे. तिच्या लोकांस इमारतींच्या पायात पुरले जाई, तिच्या समाजातील बायांस बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसे, ज्ञानाचा ग्रंथ त्यांनी पाहावयाचाही नाही, हे सारे तिने धीटपणे मांडले. तिने दयेची भीक मागितली नाही. तिने प्रश्न विचारले. या मुलीस कोणी निवडले नव्हते, तिच्या पदरावर बिल्ला नव्हता. परंतु वर्गात बसलेली ती एकटी मुलगी वर्गाबाहेर राहिलेल्या हजारोंच्या वतीने बोलली, आणि प्रतिनिधी या शब्दाचा अर्थ आम्ही शोधू लागलो तर तिच्यापाशीच प्रथम थांबतो.

शाळेच्या रोजच्या कारभारात मुलांस खरोखरीचा वाटा मिळाला तो पुढच्या शतकात, आणि तो वर्गांपेक्षा वसतिगृहांतून मिळाला. कारण उघड आहे. वर्गात मुले पाच-सहा तास असतात. वसतिगृहात ती जेवतात, निजतात, आजारी पडतात, भांडतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व 1924 साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. मराठा, महार, जैन, मुसलमान अशी सर्व जातींची मुले तेथे एका चुलीवर शिजलेले एका पंक्तीस खात. स्वयंपाक, वाढणे, झाडलोट, बाजारहाट ही कामे मुलांनीच पाळीपाळीने करावयाची होती. पैशांची तूट पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांच्या पोटासाठी दिले. 1927 साली गांधीजींनी हे वसतिगृह पाहिले व त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. येथे पाळी आलेल्या मुलाच्या हातून भात करपला तर साऱ्या पंक्तीने करपलेला भात खावयाचा असे. अशा ठिकाणी अधिकार व जबाबदारी यांचा अर्थ व्याख्यानाने शिकवावा लागत नाही. रयत संस्थेचे विद्यालय आज जामखेडातही आहे.

त्याच सुमारास अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते. 1924 पासून 1930 पर्यंतच्या त्या वर्षांत तेथील छात्रालयाची देखरेख त्यांच्याकडे आली, आणि तेथे ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. अव्यवस्थित खोली दिसली की ती स्वतः आवरून ठेवावी, दोष देऊ नये, ही त्यांची रीत. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे 1937 च्या शिक्षण परिषदेनंतर आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने नई तालीमची शाळा चालविली, तीत तर मुलांची आमसभाच भरे. भोजन, सफाई, आरोग्य यांचे मंत्री मुलांनी निवडावयाचे, आणि मुदत संपली की मंत्र्याने आपल्या कामाचा अहवाल सभेपुढे वाचावयाचा. आर्यनायकम् हे सिंहली बेटातील ख्रिस्ती गृहस्थ होते हे आमच्या वाचकांस सांगावेसे वाटते. निवडून येणे सोपे आहे; उभे राहून अहवाल वाचणे बारा वर्षांच्या मुलास, किंबहुना बावन्न वर्षांच्या गृहस्थासही, तितके सोपे नसते.

आपल्या धर्मसभेतील एक उदाहरण येथे विस्ताराने देणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण त्यास दोन बाजू आहेत. आयर्लंडात जन्मलेले फादर एडवर्ड फ्लॅनगन यांनी 1917 साली अमेरिकेतील ओमाहा शहरी निराधार मुलांसाठी घर काढले. वाईट मुलगा असा नसतोच, ही त्यांची श्रद्धा होती. पुढे या घराचे एक लहान गावच झाले. 1936 साली त्यास कायदेशीर गावाचा दर्जा मिळाला, आणि गावाचा मेयर मुलांनी आपल्यातूनच निवडावयाचा असे. गोरा, काळा, कॅथलिक, यहुदी असा भेद तेथे नव्हता. 1938 च्या बोलपटाने या गावाचे नाव जगभर झाले, ही पहिली बाजू. 1946 साली फादर फ्लॅनगन आपल्या जन्मभूमीस गेले. तेथील कॅथलिक संस्थांच्या ताब्यातील मुलांच्या औद्योगिक शाळांत मुलांस कशी मारहाण होते हे कळल्यावर त्यांनी तिचा जाहीर निषेध केला. त्यांचे आभार मानले गेले असतील असे वाचकांस वाटेल. प्रत्यक्षात तेथील मंत्र्यांनी त्यांच्यावरच अतिशयोक्तीचा ठपका ठेविला. 1948 साली फादर वारले आणि विषय मिटला असे पुष्कळांस वाटले. तो मिटला नव्हता. 2009 साली आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्या शाळांत हजारो मुलांनी काय सोसले ते साऱ्या जगासमोर आले.

ज्युबिलीच्या आनंदात ही आठवण कशास, असे कोणी विचारील. ओमाहास मुलांचा निवडलेला मेयर होता. आयर्लंडच्या त्या शाळांत मुलाचा शब्द दाराबाहेर नेणारा कोणी नव्हता. दोन्ही ठिकाणी चालविणारे एकाच धर्माचे, प्रार्थना त्याच, भिंतीवरील क्रूस तोच. फरक कशाने पडला याचा विचार आपल्यासारख्या, शाळांवर प्रेम करणाऱ्या लोकांनीच आधी केला पाहिजे.

आता आजच्या आपल्या शाळांकडे वळू. जिल्हा परिषदेच्या व संस्थांच्या पुष्कळ शाळांतून जून-जुलैत विद्यार्थी मंत्रिमंडळ निवडण्याची चाल आहे. मतपत्रिका निघतात, बोटास शाई लागते, मुख्यमंत्री शपथ घेतो, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री, पाणीपुरवठामंत्री होतात, छायाचित्र निघते. मतदानाचा पाठ म्हणून हे सारे चांगलेच. आमची तक्रार इतकीच की शपथविधीनंतर पाणीपुरवठामंत्र्यास कोणी विचारीत नाही. टाकी धुतली न गेल्यास त्याने कोणाकडे जावे? त्याचे म्हणणे कोणत्या दिवशी, कोण ऐकणार? सेवाग्रामचा अहवाल येथे नाही, रात्सिओचा माफीचा हक्कही नाही. मंत्रिपद तेवढे आहे.

काही वडीलधाऱ्यांस निवडणुकीचीच भीती वाटते. महाविद्यालयांतील निवडणुकांत मारामाऱ्या व खूनही पडले, आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांऐवजी गुणांनुसार नेमणूक आली, हे ते दाखवितात. भीती निराधार नाही. परंतु जेथे बाहेरचे पक्ष व पैसा शिरला तेथील रोगासाठी बारा वर्षांच्या मुलास पथ्य लावणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. शिवाय गुणांनुसार नेमलेला मुलगा हुशार असतो. मागच्या बाकावरील मुलाचे दुःख त्यास ठाऊक असेलच असे नाही.

कायद्याने मात्र एक पाऊल पुढे टाकले आहे. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. आणि महाराष्ट्राने या समितीत दोन विद्यार्थ्यांसही स्थान दिले, त्यांतील एक मुलगी असावी असेही ठरविले. मोठ्यांच्या सभेत ही दोन मुले बहुधा सतरंजीच्या कडेस बसतात, चहा आला की बिस्किटे घेतात आणि सही करून वर्गात परततात. त्यांस कोणी एक प्रश्न विचारील तर सभा किती बदलेल! मुलींच्या स्वच्छतागृहास कडी नाही ही गोष्ट सातवीतील मुलगी पुरुष शिक्षकांस सांगणार नाही, बापास तर मुळीच नाही. ती वर्गातल्या मुलीस सांगते. ती कडी नसल्यामुळे महिन्यातून चार दिवस शाळा बुडते, मग अभ्यास मागे पडतो, मग घरी लग्नाची बोलणी निघतात. एका कडीची गोष्ट समितीत बोलली जाणे यावर काही मुलींचे आयुष्य अवलंबून असते, हे आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही.

असे प्रतिनिधित्व चालू शकते याचा दाखला जामखेडबाहेर शोधण्याचे कारण नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने येथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. प्रत्येक गावाने आपल्यातूनच एक बाई निवडावी, तिला शिकवून आरोग्याचे काम तिच्याकडे सोपवावे, अशी त्यांची पद्धत. निवडल्या गेलेल्या कित्येक बाया निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. ज्यांस पाणवठ्यावर बाजूस उभे राहावे लागे, त्याच घरोघर जाऊन बाळंतपणे सुखरूप करू लागल्या. त्या नियमाने जामखेडास येत, गावात काय घडले ते सांगत आणि नवे शिकून परत जात. 1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आम्हांस येथे औषधांविषयी बोलावयाचे नाही. गावाने निवडलेली, गावाचे म्हणणे घेऊन येणारी आणि काही घेऊन परत जाणारी ही बाई पाहिली, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीने काय करावे हे निराळे शिकवावयास नको. अक्षरशत्रू बाईस जे साधले ते सहावीच्या मुलीस का साधू नये?

आणि जामखेडच्या शाळांत या प्रतिनिधीस जे काम आहे ते दुसरीकडे क्वचितच असेल. दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातून, पाथर्डीकडून, शेजारच्या आष्टी-पाटोद्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोचे जोडपे मिळून एक कोयता मोजला जातो. गाड्या व ट्रक भरून माणसे कारखान्यांच्या हद्दीत जातात आणि उसाच्या फडाशेजारी कोप्यांतून राहतात. बरोबर मुलेही जातात. दहा-बारा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्यास सांभाळते, पाणी आणते. मुलगा वाढ्याच्या मोळ्या बांधू लागतो. पाडव्याच्या सुमारास, कधी त्याहूनही उशिरा, ती परततात. मधले पाच-सहा महिने बाकावरची जागा रिकामी. सरकारने या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे, म्हणजे आईबाप गेले तरी मूल गावी राहून शिकेल; तिचा लाभ ज्यांस मिळतो त्यांचे वर्ष वाचते. पण कोणते घर या दिवाळीनंतर निघणार, कोणत्या मुलास आजीजवळ ठेवता येईल, कोणाच्या घरी आजीही नाही, हे शिक्षकांच्या हजेरीपटात लिहिलेले नसते. ते मुलांस ठाऊक असते, गाड्या भरण्याच्या पंधरा दिवस आधीपासून ठाऊक असते.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक वर्गाने गणेशोत्सवापूर्वी आपला एक मुलगा व एक मुलगी निवडावी. दसऱ्याच्या सुटीआधी या दोघांनी कोण जाणार व कोण राहू शकेल याची यादी मुख्याध्यापकांस द्यावी, आणि ती यादी समितीच्या सभेत त्यांनीच वाचावी. कोणाची फी, कोणाचे कर्ज, कोणाच्या बापाचे व्यसन यांतील एक अक्षरही त्या यादीत नसावे. मुलांस चहाडखोर करण्याचा आमचा हेतू नाही. जी मुले जातील त्यांच्या वह्यांची नक्कल वर्गाने पाळीपाळीने करून ठेवावी. धर्मग्रामातील युवकमंडळ व भगिनीमंडळ यांनी कागद पुरवावा. हे काम कोणत्याही एका धर्माच्या मुलांसाठी नसावे, हे सांगणे नलगे.

चैत्रात मुले परत येतील तेव्हा आणखी एक काम उभे राहते. महाराष्ट्रात 2023 च्या नियमांनी पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे; नापास होणाऱ्यास फेरपरीक्षेची संधी मिळते, आणि तीतही न उतरल्यास त्यास त्याच वर्गात बसावे लागते. अर्धे वर्ष फडात काढलेल्या मुलास एप्रिलमध्ये प्रश्नपत्रिका दिल्यावर काय होते ते वाचकांनी मनात आणावे. एक वर्ष मागे राहिलेला मुलगा पुढल्या दिवाळीस बहुधा पुस्तके बरोबर नेत नाही. त्याच्या हाती कोयता येतो. तेव्हा फेरपरीक्षेपूर्वीच्या त्या आठवड्यांत त्यास रोज एक तास कोण शिकविणार, आणि त्याच्या आईबापांस ती तारीख कोण कळविणार, हे मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन विचारण्याचा हक्क वर्गाच्या प्रतिनिधीस असावा. त्याने दार ठोठवावे, आत जावे, आणि आपल्या सोबत्याचे नाव सांगावे.